चपटे किडे आणि दुपारचं जेवण

आमच्या हॉलमध्ये चार फूट लांबीचा समुद्र आहे आणि तो माझा आहे. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण घरी येणारा जो तो टाकीसमोर उभा राहून माझ्या नवऱ्याचं कौतुक करतो. नवरा बिचारा माझ्याकडे बोट दाखवतो. मग पाहुणे मला विचारतात, "वहिनी, पाणी रोज बदलावं लागत असेल ना?" माझं डोकं तिथेच फिरतं. खाऱ्या पाण्याच्या टाक्या सांभाळणाऱ्यांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. त्यावर मी फोटो लावलेला नाही, त्यामुळे तिथे मला सगळे 'भाई' म्हणतात. मी कधी दुरुस्त केलं नाही. भाई असलं की उत्तरं नीट मिळतात.

नोकरी अंधेरीला, औषधांच्या कंपनीत, क्वालिटी कंट्रोलमध्ये. दिवसभर गोळ्या तपासायच्या आणि कांदिवलीला घरी येऊन टाकीचं पाणी तपासायचं, असं माझं चाललेलं असतं. टाकीत दगडांवर जिवंत प्रवाळं आहेत. काही मऊ, पाण्याबरोबर डोलणारी, काही हिरव्या बटणांसारखी दगडाला चिकटलेली. नारिंगी जोकर माशांची एक जोडी आहे. शिवाय एक पिवळाधमक मासा आहे, जो सगळ्यांवर दादागिरी करतो. ही टाकी मी बरीच वर्षं खपून उभी केली आणि तिला कुणी हात लावलेला मला खपत नाही. नवरासुद्धा काचेवर बोटं न टेकता बघतो.

सासरे गेल्यावर सासूबाई घाटकोपरची चाळीतली खोली बंद करून आमच्याकडे राहायला आल्या. मी त्यांना आई म्हणते. मूळच्या मालवणकडच्या. सगळा संसार मुंबईत झाला तरी बोलणं तिकडचंच राहिलं. त्या तोंडाने फटकळ, मीही फटकळ. आता एका ओट्यावर दोन बायका, रोज खडाजंगी होणार असं मी धरून चालले होते. ती झाली असती तर बरं झालं असतं. आई काही बोलतच नव्हत्या, आणि जेवत नव्हत्या.

रात्री आमच्याबरोबर बसून दोन घास खायच्या. पण दुपारी घरात एकट्या. मी सकाळी भात, आमटी, भाजी करून ओट्यावर झाकून जायची. संध्याकाळी विचारलं की "जेवलंय गो" असं उत्तर ठरलेलं. मग आमच्या खिडकीच्या जाळीवर कावळ्यांची गर्दी वाढली तेव्हा मला कळलं की जेवण कोण जेवतंय. ऑफिसातून फोन करून "आत्ता फोन चालू असतानाच जेवायला बसा" म्हटलं, तर फोनवर ताटावर चमचा वाजवून दाखवायच्या. मी चिडले, ओरडले. नवऱ्याने लाडीगोडी लावली. काही उपयोग झाला नाही.

त्यांचं दुखणं काय ते माझ्या हळूहळू लक्षात आलं. लग्न झाल्यापासून आईंनी आधी स्वतःचं ताट असं कधी घेतलंच नव्हतं. आधी सासऱ्यांना गरम गरम वाढायचं, ते हात धुवायला उठले की मग स्वतः बसायचं. आता वाढायला समोर कुणी नाही, तर आपण जेवायला बसायचं कसं, हे त्यांना जमत नव्हतं. त्या हट्ट करत नव्हत्या, रुसलेल्याही नव्हत्या. डॉक्टर म्हणाले, वजन असंच उतरत राहिलं तर अंथरूण धरतील. त्या वाक्याने माझी झोप उडाली.

मग एकदा, हॉलमध्ये टाकीसमोर वारा चांगला येतो म्हणून मी त्यांची खुर्ची तिथे नेऊन ठेवली. त्यामागे दुसरा काही विचार नव्हता. पण त्यानंतर चमत्कारच झाला. संध्याकाळी बेसिनमध्ये आमटीने माखलेलं ताट दिसायला लागलं. कावळे आले तसे गेले. आईंचे गाल जरा भरले आणि एके दिवशी त्या मला म्हणाल्या, "आमटीत गूळ घालतंस की गुळात आमटी?" मला इतका आनंद झाला की मी उलट उत्तरही दिलं नाही. बहिणीला फोन करून सांगितलं, आमच्या आई जेवायला लागल्या, भांडायलाही लागल्या.

आणि तेव्हाच टाकीत चपटे किडे निघाले.

शाळेच्या पुस्तकात त्यांना चपटे कृमी म्हणतात. तिळाएवढे, विटकरी रंगाचे, मागच्या टोकाला शेपटी फाटल्यासारखी. कुर्ल्याच्या एका दुकानातून आणलेल्या प्रवाळाच्या तुकड्यावरून आले असणार. तुकडा मी औषधी पाण्यात बुडवूनच टाकीत सोडला होता, पण अंडी त्यातूनही वाचतात. पहिल्यांदा काचेवर दोन-चार दिसले. मग दगडावर. मग एका रविवारी दुपारी लाइट पूर्ण तेजात असताना पाहिलं तर हिरव्या बटणांवर विटकरी गालिचा पसरलेला. हे किडे प्रवाळ खात नाहीत, पण त्याच्यावर अंग टाकून उन्हं खातात. खालच्या प्रवाळाला उजेड मिळत नाही आणि ते मिटून मरतं. माझी मऊ प्रवाळं तर तेव्हाच आकसून बसली होती.

ग्रुपवर टाकलं. उत्तर आलं, "भाई, खाना ज़्यादा डाल रहे हो." मी? मी तर मोजून घालते! पाणी तपासलं तर नायट्रेटच्या, म्हणजे कुजलेल्या खाण्याने वाढणाऱ्या क्षाराच्या, नळीत रंग लालभडक. पुन्हा तपासलं, पुन्हा तेच. पंप उघडून धुतला, मिठाच्या बादलीवर संशय घेतला, नवऱ्यावर तर घेतलाच. किडे खातो म्हणून एक पट्टेरी मासा आणला, तर तो गुटगुटीत झाला आणि किड्यांकडे ढुंकूनही बघेना.

त्या आठवड्यात घसा धरला म्हणून मी दुपारीच घरी आले. लॅचने दार उघडलं. आई टाकीसमोर खुर्चीत, मांडीवर ताट, शेजारी स्टुलावर वाटीत पाणी. ताटातला बांगड्याचा तुकडा उचलायच्या, वाटीतल्या पाण्यात खळबळून धुवायच्या, चिमटीत कुस्करून टाकीत सोडायच्या. मग भाताची शितं. तीही धुवून. मासे तोंड वर करून तुटून पडत होते, आणि ते खाताहेत हे बघून मग आई स्वतः एक घास घ्यायच्या.

"आई! काय करताय हे?"

त्या दचकल्या नाहीत. "काय म्हणजे? जेवतंय. आपण जेवूचा आणि तेंनी बघत ऱ्हवाचा? बरा दिसता ता?"

"आणि धुताय कशाला?"

"तिखट लागात तेंका."

आता हे लिहिताना मला हसू येतं. तेव्हा नाही आलं. मी त्या दुखऱ्या घशाने जे काही बोलले त्यात टाकीची वाट लागली, माझी इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात गेली, आणि माझ्या टाकीत काही टाकण्याआधी मला विचारायचं, हे सगळं होतं. आई मग उठल्या, ताट ओट्यावर ठेवलं आणि खुर्ची उचलून खिडकीकडे नेली.

दुसऱ्या दिवसापासून ओट्यावरचं जेवण झाकलेलं तसंच राहायला लागलं.

मी पुरती कात्रीत सापडले. आईंना माशांना घालू दिलं तर टाकी जाणार. नाही घालू दिलं तर आई जेवणार नाहीत. बरं, टाकी गेली तर मासेही जाणार, म्हणजे आई तशाही जेवणार नाहीत. नवरा म्हणाला, "अगं, देऊन टाक ना टाकी कुणाला तरी." मी म्हटलं, "आणि मग तू बसशील का रोज दुपारी काचेच्या आत, आईने घास टाकायला?" तो मग म्हणाला, "सॉरी यार." त्यालाही घोर लागलाच होता. त्याची आई होती.

किडे मारायचं औषध मिळतं, थेंबाथेंबाने टाकायचं. पण मरताना हे किडे विष सोडतात. एकदम सगळे मेले तर किड्यांच्या आधी मासे जातात. म्हणून आधी बारीक नळीने ओढून ओढून त्यांची संख्या कमी करायची, आणि मगच औषध. ओढायचं ते दुपारी, कारण लाइट पूर्ण तेजात असला की सगळे बाहेर येऊन पसरतात. सकाळी आणि संध्याकाळी ते दगडांच्या फटीत. लाइटचा टायमर संध्याकाळवर ढकलावा असंही मनात आलं; पण आठला घरी पोचून पोळ्या लाटणारी बाई किडे कधी ओढणार?

दुपारी घरात एकच माणूस होतं.

मी नळी, बादली घेऊन आईंसमोर उभी राहिले. सॉरी म्हणणं मला जमत नाही, त्यामुळे थेट कामाचंच बोलले. म्हटलं, "आई, हे किडे बाहेर काढायचेत. नाहीतर पिवळी जाईल." पिवळ्या माशाला त्या पिवळी म्हणायच्या.

"माका नको गो तुझी टाकी. परत माकाच बोलशीत."

"नाही बोलणार."

"बोलशीत. तुझा तोंडच तसा आसा."

हे खरंच होतं. मी नुसती नळी लावून दाखवली. बादली खाली, नळीचं एक टोक टाकीत, दुसऱ्या टोकाने पाणी एकदा ओढून घेतलं की आपोआप वाहायला लागतं. टोक किड्याजवळ नेलं की किडा सुळकन आत. आई खिडकीतून बघत नसल्यासारखं करत बघत होत्या. मग चष्मा लावून जवळ आल्या. बराच वेळ काचेला नाक लावून पाहिलं.

"अगो, ह्ये तर ढेकूण!"

"ढेकूण नाहीत हो, चपटे..."

"माका शिकवतंस? चाळीत जन्म काढलंय मी. आण हकडे."

तेव्हापासून दुपारची लढाई सुरू झाली. चाळीत असताना खाटा उन्हात टाकून, फटींत उकळतं पाणी ओतून ढेकणांशी लढलेल्या आईंना शत्रू ओळखीचा वाटला आणि त्यांना चेव आला. सुरुवातीला गोंधळही भरपूर घातले. एक छोटा शंखवाला खेकडा ओढून बादलीत आणला आणि मला फोन करून विचारलं, ह्याचा काय करू. एकदा प्रवाळाचं एक हिरवं बटणच उपटून आलं. तेव्हा माझ्या तोंडाशी आलेलं मी गिळलं, आयुष्यात पहिल्यांदाच म्हणायला हरकत नाही. बादलीतलं खारं पाणी फुकट जाऊ नये म्हणून ते गाळून परत टाकीत घालायचं असतं. त्यासाठी त्यांनी माझं चक्का बांधायचं धुवट फडकं घेतलं. श्रीखंडाचा विषय आमच्या घरात तेव्हापासून बंद आहे.

जेवणाचंही आम्ही ठरवून घेतलं. माशांचं गोठवलेलं खाणं मी सकाळी वाटीत काढून ठेवायची, नखाएवढं. किडे ओढून झाले की आईंनी ते माशांना घालायचं आणि मग स्वतः जेवायचं. भात नाही, बांगडा नाही, धुतलेला तर मुळीच नाही. "येवढासा? ह्या तर दाताखाली पण येवचा नाय," असं त्या रोज म्हणायच्या. पण घालायच्या तेवढंच, आणि मग जेवायच्या. ताट पुन्हा बेसिनमध्ये दिसायला लागलं. मी रोज घरी आल्या आल्या चपला काढायच्या आधी ते बघायची.

गालिचा हळूहळू विरत गेला. मग ठिपके उरले. नायट्रेटची नळी लालभडकवरून गुलाबी झाली. ग्रुपवर मी फोटो टाकला तर लोक विचारायला लागले, "भाई, एवढे किडे हाताने कसे काढलेस?" मी लिहिलं, घरी माणूस आहे. आता औषध टाकायला हरकत नव्हती.

एका रविवारी सकाळी आम्ही सगळी तयारी मांडली. मीठ कालवून ठेवलेलं पाणी पिंपात, विष शोषणारा कोळसा पिशव्यांत, नवरा बादल्या घेऊन सज्ज. आई खुर्चीत. मी थेंब टाकले. थोड्याच वेळात फटींमधून किडे बाहेर पडायला लागले, वळवळत, आकसत, पाण्यात भिरभिरत. मला वाटलं होतं थोडे उरलेत. दगडांच्या पोटात अजून बरेच होते. आई नळीने ओढत होत्या, मी दुसऱ्या नळीने. आणि मग पिवळी एका बाजूला कलली. दगडाला टेकून, कल्ले जोरजोरात हलवत, तशीच पडून राहिली.

"कोळसा टाक!" मी नवऱ्यावर ओरडले. "पाणी काढ! अरे ती बादली नाही, दुसरी!" जवळजवळ अर्धं पाणी आम्ही बदललं. हॉलभर खाऱ्या पाण्याचं तळं झालं. मला रडायला येत होतं. माशासाठी येत होतंच, पण त्याहून जास्त, आई पिवळीकडे ज्या नजरेने बघत होत्या त्याने येत होतं. जेवायची वेळ टळून गेली. नवऱ्याने ताट वाढून आणलं, त्यांनी हातानेच बाजूला केलं.

"ही उठल्याबिगर मी जेवचंय नाय."

मग आम्हीही जेवलो नाही. तिघं तशीच बसून राहिलो, ओल्या लादीवर पाय पसरून. संध्याकाळच्या सुमारास पिवळीने शेपटी हलवली. सरळ झाली. दगडामागे गेली, परत आली आणि समोर आलेल्या जोकर माशाला तिने ढुशी दिली. आई मोठ्याने हसल्या. त्या आमच्याकडे आल्यापासून मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. मग सगळे जेवलो.

पण माझा घोर संपला नव्हता. औषधानंतर पाणी निवळेपर्यंत माशांना काही घालायचं नाही, असा नियम आहे. म्हणजे दुसऱ्या दिवशी सोमवार, मी ऑफिसात, आई घरात एकट्या आणि समोर उपाशी मासे. उपाशी माशांसमोर ही बाई जेवणार कशी? रजा मिळण्यासारखी नव्हती. सकाळी निघताना मी समजावलं, "आई, आज त्यांना उपास. डॉक्टरने सांगितल्यासारखं समजा. मेलेले किडे तळाला बसलेत तेवढे फक्त ओढा, आणि तुम्ही जेवून घ्या." त्या टाकीकडे बघत होत्या.

ऑफिसात माझं कामात लक्ष नव्हतं. पँट्रीत सगळ्यांचे डबे उघडले. मी माझा डबा समोर ठेवून फोनकडे बघत बसले. फोन केला तर चमच्याने ताट वाजवून दाखवतील, ही भीती. नाही केला तर जीव राहवेना. शेवटी फोनच वाजला. घरचा.

"पिवळी बरी आसा," आई म्हणाल्या. "सगळे ढेकूण काढलंय. लय होते गो मेले, सकाळपासून वाकून वाकून माझी कंबार मोडली."

"आणि जेवण?"

"मी जेवलंय."

चमच्याचा आवाज येतोय का, ते मी कान देऊन ऐकलं. ह्या 'जेवलंय'वर मी एकदा फसलेली होते.

"खरा सांगतंय," त्या म्हणाल्या. "भूक लागली. हात थरथराक लागले. म्हटला, तेंचो उपास तेंका लखलाभ, मी कित्याक थांबू? सरळ ताट घेतलंय आणि बसलंय. भात दोनदा घेतलंय. आणि आमटी आज बरी झालेली."

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पँट्रीत सगळ्यांसमोर, आणि मला त्याचं काही वाटलं नाही. आयुष्यभर दुसऱ्याचं ताट उठायची वाट बघणारी बाई आज भूक लागली म्हणून जेवायला बसली होती. सगळ्यांच्या आधी, कुणालाही न वाढता.

"गप कित्याक? तू जेवलंस?"

"नाही अजून."

"नाय? कोणासाठी थांबलंस?"

मी समोरच्या बंद डब्याकडे बघितलं आणि म्हटलं, "तुमच्यासाठी."

"येडी काय गो तू," आई म्हणाल्या. "जेव आता."